आतड्याची शस्त्रक्रिया आणि पोटातील वायू
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या आरोग्यविषयक भाषणाचा मजकूर)



वार्षिक संमेलनात आरोग्यावर एक भाषण व्हावे ही आपल्या मंडळाची प्रथा स्तुत्य आहे. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार या विषयांवर अशा व्यासपीठांवरून वारंवार बोलले जाते. त्यांचा उच्चार करताना कोणासही संकोच वाटत नाही. किंबहुना पंक्तीत जिलबी नाकारताना आपल्याला मधुमेह असल्याचे चारचौघांत सांगण्यात कित्येकांना थोडी प्रतिष्ठाही वाटते. आज आम्ही ज्या विषयावर बोलणार आहोत, त्याच्या वाट्याला असली प्रतिष्ठा आलेली नाही. विषयाचे नाव जाहीर होताच मागच्या रांगांतील तरुण मंडळींच्या चेहऱ्यांवर जे हसू उमटले, ते आमच्या नजरेतून सुटलेले नाही. हसण्यास आमची हरकत नाही. मात्र हसून झाल्यावर लक्ष द्यावे, एवढीच विनंती आहे.

आतड्यावर शस्त्रक्रिया होण्याचा प्रसंग आज कोणत्याही कुटुंबावर येऊ शकतो. मोठ्या आतड्याचा कर्करोग, आतड्याचा क्षय, आतड्याला पडलेला पीळ, अडकलेला हर्निया, आतड्यास पडलेले छिद्र, अशी त्याची अनेक कारणे आहेत. शस्त्रक्रियेसाठी लागणाऱ्या पैशाची तजवीज घरची मंडळी करतात, रक्ताची सोय करतात, रुग्णाच्या उशाशी रात्रंदिवस बसतात. त्या बाबतीत आपल्या ज्ञातीतील कुटुंबांस काही शिकवण्याचे कारण नाही. परंतु शस्त्रक्रिया झाल्यानंतर जी एक साधी गोष्ट डॉक्टर रोज सकाळी विचारतात, ती म्हणजे वारा सरला की नाही, तिचे उत्तर देताना सारे घर माना खाली घालते. हा संकोच सभ्यपणाचा वाटतो खरा, तथापि तो रुग्णाला महागात पडतो. या वायूविषयी मोकळेपणाने बोलावयास शिकणे हा रुग्णाच्या शुश्रूषेचाच एक भाग आहे, एवढे एकच म्हणणे आज आम्हांस मांडावयाचे आहे.

हा संकोच आपल्या परंपरेतून आला आहे असे कोणी म्हणेल, तर ते खरे नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सातवा अध्याय ‘नवेगान्धारणीय’ या नावाचा आहे. शरीराचे नैसर्गिक वेग अडवू नयेत, असे सांगणारा हा अध्याय होय. त्यात तेरा वेग मोजले आहेत. भूक, तहान, झोप, शिंक आणि अश्रू यांच्याच पंक्तीला अपानवायू बसविलेला आहे. आमच्या पूर्वजांना जो वेग अश्रूंच्या शेजारी बसविताना लाज वाटली नाही, त्याचे नाव रुग्णालयाच्या खोलीत घेताना आपणांस लाज वाटावी, हे चमत्कारिकच म्हटले पाहिजे.

प्रथम हा वायू येतो कोठून ते पाहू. त्याचे दोन मुख्य उगम आहेत. एक म्हणजे आपण गिळलेली हवा. प्रत्येक घोटाबरोबर, प्रत्येक घासाबरोबर थोडी हवा पोटात जाते. तिच्यातील काही ढेकरेवाटे परत येते, काही पुढे सरकते. दुसरा उगम मोठ्या आतड्यात आहे. लहान आतड्यात जे पचले नाही ते मोठ्या आतड्यात पोहोचले, की तेथील असंख्य सूक्ष्मजंतू ते आंबवितात आणि त्यातून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड व काही माणसांत मिथेन हे वायू तयार होतात. या सर्वांना वास नसतो. वास येतो तो गंधकयुक्त वायूंचा, आणि त्यांचे प्रमाण अत्यल्प असते. निरोगी मनुष्याच्या शरीरातून दिवसाकाठी साधारणतः अर्धा ते दीड लिटर वायू बाहेर पडतो, आणि त्यासाठी तो १० ते २० वेळा सरतो. येथे बसलेल्या प्रत्येकाचा, अध्यक्ष महाशयांची क्षमा मागून सांगतो, व्यासपीठावरील मंडळींचाही, हाच हिशेब आहे.

आता शस्त्रक्रियेनंतर काय घडते ते ऐका. आतडे ही एखादी निर्जीव नळी नव्हे. लहान आतडे सुमारे सहा मीटर आणि मोठे आतडे सुमारे दीड मीटर लांबीचे असते, आणि या साऱ्या लांबीतून लाटांप्रमाणे आकुंचनाची क्रिया चालू असते. शस्त्रक्रियेत आतडे हाताळले जाते, कापले जाते, पुन्हा जोडले जाते. त्या आघाताने त्यास सूज येते, मज्जातंतू त्याची हालचाल थांबविण्याचा आदेश देतात, आणि वेदना शमविण्यासाठी दिलेली अफूवर्गीय औषधे त्यात भर घालतात. परिणामी आतडे काही काळ निजल्यासारखे पडून राहते. सर्वसाधारणपणे लहान आतडे एका दिवसाच्या आत जागे होते, जठराला एक ते दोन दिवस लागतात आणि मोठे आतडे दोन ते तीन दिवस घेते. या काळात गिळलेली हवा व तयार झालेला वायू पुढे सरकत नाही. पोट फुगते, कळा येतात, मळमळते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी वारा सरला म्हणजे मोठे आतडे कामाला लागले, असा त्याचा अर्थ. डॉक्टर त्या वार्तेची वाट का पाहतात, हे आता आपल्या ध्यानात येईल.

येथेच संकोचाचा पहिला धोका उभा राहतो. कल्पना करा, घरातील सून रुग्णशय्येवर आहे. खोलीत सासरे बसले आहेत, दीर उभे आहेत, समाचाराला आलेले दोन पाहुणे आहेत, आणि डॉक्टर हा प्रश्न विचारतात. ती काय उत्तर देणार? एक तर ती मान हलवून खोटेच ‘हो’ म्हणते, कारण ‘नाही’ म्हटले तर आणखी प्रश्न येतील. नाही तर खरोखरी वारा सरला असूनही गप्प राहते. खोट्या होकारामुळे आतडे चालू झाले असा समज होऊन आहार वाढविला जातो, आणि पोट अधिकच तट्ट होते. खोट्या मौनामुळे विनाकारण तपासण्या होतात, आणि काळजी वाढते. म्हणून आमची पहिली सूचना अशी की, डॉक्टर फेरीला येताच पाहुण्यांनी व घरातील वडील पुरुषमंडळींनी आपण होऊन बाहेर जावे. त्यासाठी परिचारिकेने सांगण्याची वाट पाहू नये. दुसरी सूचना अशी की, रुग्णाजवळ असणाऱ्याने एक लहानशी वही ठेवावी. किती वाजता वारा सरला, किती वाजता शौचास झाले, काय खाल्ले, उलटी झाली काय, एवढे तीत लिहावे. तोंडाने सांगण्यास जे अवघड वाटते, ते वहीतून सांगणे सोपे जाते.

रुग्णालयात असताना आतडे लवकर जागे व्हावे म्हणून काय करता येते? पहिली गोष्ट म्हणजे अंथरुणात पडून न राहता, डॉक्टरांच्या अनुमतीने, खुर्चीत बसणे व चालणे. आपल्याकडे ‘ऑपरेशन झाले आहे, हलू नको’ असे प्रेमाने बजावण्याची रीत आहे. हे प्रेम घातक आहे. चालण्याने फुप्फुसे मोकळी राहतात, पायांतील शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा संभव कमी होतो, आणि अंगात हुशारी येते. दुसरी गोष्ट, वेदनाशामक औषधांबद्दल डॉक्टरांशी बोलावे. वेदना सोसत बसण्याचे कारण नाही, कारण वेदनेने मनुष्य हालचाल करीत नाही. परंतु आतडे मंद न करणारी औषधे पुरेशी होतात काय, हे विचारण्यास हरकत नसावी. तिसरी गोष्ट काहींना पोरकट वाटेल. डॉक्टरांची परवानगी असल्यास पहिल्या दिवसांत च्युइंग गम चघळण्यास सांगतात. तोंड हलू लागले, लाळ सुटली, की अन्न येत असल्याची सूचना आतड्यास मिळते. त्याचा लाभ फार मोठा नसला तरी खर्चही मोठा नाही.

खाण्यापिण्याच्या बाबतीत तर वैद्यकशास्त्राची समजूतच पालटली आहे. पूर्वी वारा सरेपर्यंत रुग्णास तोंडाने काही देत नसत. नाकातून नळी, हातात सलाईन आणि ओठांना ओला कापूस, असे चार-पाच दिवस काढावे लागत. १९९० च्या दशकात डेन्मार्कमधील शस्त्रवैद्य हेन्रिक केलेट यांनी मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर वेदनांचे उत्तम नियंत्रण, लवकर चालविणे आणि लवकर आहार देणे, या तिन्ही गोष्टी एकत्र आणून रुग्ण अधिक लवकर बरे होतात असे दाखविले. आज अनेक ठिकाणी शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशी, कधी त्याच दिवशीही, पातळ पदार्थ सुरू करतात. ‘आमच्या काकांना आठ दिवस पाणी दिले नव्हते, आणि तुम्हांला आजच कसे देतात?’ असा वाद समाचाराला आलेल्या मंडळींनी घालू नये. त्याचप्रमाणे डॉक्टरांनी थांबा म्हटले असता चोरून चहा पाजण्याचे पुण्यही कोणी जोडू नये. प्रत्येक रुग्णाचे आतडे कोठे व कसे जोडले आहे, हे त्याच्या शस्त्रवैद्यालाच ठाऊक असते.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९९० साली डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी भारतातील पहिली दुर्बिणीद्वारे पित्ताशयाची शस्त्रक्रिया केली. पुढे हीच पद्धत आतड्याच्या शस्त्रक्रियांसाठीही रूढ झाली. या पद्धतीत पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून जागा करून घेतात. हा वायू रक्तात सहज विरघळतो आणि श्वासावाटे बाहेर पडतो, म्हणूनच त्याची निवड झाली आहे. शस्त्रक्रियेनंतर त्याचा थोडा अंश उरतो व पडद्याखाली, म्हणजे छाती आणि पोट यांमधील स्नायूखाली, साचतो. त्यामुळे खांदा दुखतो. पोटाचे ऑपरेशन आणि दुखतो खांदा, हे पाहून घरची मंडळी घाबरतात. हे दुखणे बहुधा दोन-तीन दिवसांत आपोआप थांबते. हा वायू आतड्यात नसून आतड्याबाहेर असतो, सबब ढेकर देऊन वा चूर्ण घेऊन तो जात नाही. अर्थात खांद्याबरोबर छातीत दुखू लागले, धाप लागली किंवा घाम फुटला, तर तो वायू समजून स्वस्थ न बसता तत्काळ डॉक्टरांस कळवावे.

आता रुग्ण घरी आला. येथून पुढची सत्ता स्वयंपाकघराची. पहिल्या काही आठवड्यांत आहार मऊ, थोडा आणि वारंवार असावा. दोन वेळा भरपेट जेवण्याऐवजी पाच-सहा वेळा थोडे थोडे घ्यावे. मऊ भात, मुगाच्या डाळीचे पातळ वरण, रव्याची खीर अथवा उपमा, साल काढून शिजविलेला दुधी किंवा दोडका, पिकलेले केळे, ताजे ताक, ज्यांस चालते त्यांस उकडलेले अंडे वा मऊ मासा, असा हा आहार साधारणतः सोसतो. वाल, पावटे, चवळी, वाटाणे, हरभरा, राजमा. कोबी, फ्लॉवर, मुळा. कच्चा कांदा, लसूण, फणस यांना काही काळ रजा द्यावी.

कडधान्यांनी वायू का होतो, हे गृहिणींनी समजून घेण्याजोगे आहे. त्यांत रॅफिनोज व स्टॅकिओज या नावांच्या शर्करा असतात. त्या पचविणारे द्रव्य मनुष्याच्या आतड्यात नाही. म्हणून त्या तशाच मोठ्या आतड्यात जातात, आणि तेथील सूक्ष्मजंतूंची मेजवानी होते. कडधान्ये रात्रभर भिजवून ते पाणी टाकून दिल्यास या शर्करांचा काही भाग निघून जातो, आणि मोड आणल्याने तो आणखी घटतो. आपल्या आजी-पणजी उसळीसाठी कडधान्य भिजवीत, पाणी टाकीत व फडक्यात बांधून मोड आणीत. त्यांच्या त्या कष्टांस रसायनशास्त्राचा असा आधार आहे. गहू, कांदा व लसूण यांतही आंबणाऱ्या शर्करा आहेत. दूध हे आणखी एक कारण. आपल्यापैकी पुष्कळ प्रौढांना दुधातील शर्करा नीट पचत नाही, आणि लहान आतड्यावरील शस्त्रक्रियेनंतर ही अडचण काही काळ वाढू शकते. दुधाने पोट गुबारत असेल तर त्याऐवजी दही-ताक घेऊन पाहावे.

परंतु ही पथ्ये जन्माची समजू नयेत. कित्येक घरांत शस्त्रक्रियेनंतर दोन-दोन वर्षे रुग्णाच्या ताटात केवळ मऊ भात पडत राहतो, आणि तो अशक्त होत जातो. डॉक्टरांनी संमती दिल्यावर एका वेळी एकच पदार्थ, थोड्या प्रमाणात, पुन्हा सुरू करावा. दोन-तीन दिवस पाहावे. सोसला तर ठेवावा, न सोसल्यास काही आठवड्यांनी पुन्हा पाहावा. प्रत्येकाचे आतडे निराळे असते. एकास कोबी सोसतो, दुसऱ्यास सोसत नाही. शेजारच्या घरातील यादी आपल्या घरी चालत नाही.

गिळलेली हवा कमी करण्याचा उपाय तर फुकटचा आहे. सावकाश जेवावे, घास नीट चावावा, जेवताना फार बोलू नये. सोडावॉटर व तत्सम फसफसणारी पेये टाळावीत. कवळी सैल असेल तर ती नीट करून घ्यावी. तंबाखू, सुपारी सतत चघळल्याने आणि विडी-सिगारेट ओढल्याने हवा गिळली जाते. पहिल्या दिवसांत उपयोगी पडलेले च्युइंग गमही पुढे याच कारणासाठी सोडून द्यावे.

घरगुती उपायांविषयी बोलताना आम्ही कोणाच्या आजीचा अवमान करू इच्छित नाही. एरवीच्या पोटदुखीवर ओवा, हिंग, आले यांचे स्थान आहेच. परंतु नुकतेच जोडलेले आतडे ही एरवीची गोष्ट नव्हे. एरंडेल किंवा दुसरे कोणतेही रेचक, एनिमा, पोट चोळणे अथवा पोट बांधणे, यांपैकी काहीही शस्त्रवैद्यास विचारल्यावाचून करू नये. शस्त्रक्रियेच्या जागी त्वचा बधिर असते. तेथे गरम पाण्याची पिशवी ठेवल्यास भाजल्याचे कळतही नाही. फसफसणारी पाचक चूर्णे पाण्यात टाकली असता जो फेस येतो तो कार्बन डायऑक्साइड वायूचाच असतो. म्हणजे वायू घालविण्याकरिता आपण वायूच पितो, आणि वर ढेकर आली म्हणून समाधान मानतो! सिमेथिकोन नावाचे औषध पोटातील बुडबुडे फोडून एकत्र करते, त्याने काहींस हलके वाटते. पण ते वायूचे उत्पादन घटवीत नाही. पवनमुक्तासनाचे नाव कितीही आश्वासक असले, तरी पोटावरील टाके व आतील जोड भरून येईपर्यंत ते करू नये. त्याऐवजी डाव्या कुशीवर गुडघे किंचित दुमडून पडावे, घरातल्या घरात फेऱ्या माराव्यात, आणि खोकताना पोटाशी उशी धरावी.

आता जे सांगतो ते कृपा करून सर्वांनी लक्षात ठेवावे. पोट फुगून घट्ट झाले आहे, वारा सरत नाही, शौचास होत नाही आणि उलट्या होत आहेत, ही चार लक्षणे एकत्र दिसल्यास आतड्यात अडथळा आल्याचा संभव असतो. त्याचप्रमाणे पहिल्या एक-दोन आठवड्यांत ताप, जलद नाडी आणि वाढत जाणारी पोटदुखी दिसल्यास आतड्याचा जोड पाझरत असण्याची शक्यता असते. अशा वेळी सकाळ होण्याची वाट पाहू नये, ओव्याचा काढा करीत बसू नये. थेट रुग्णालय गाठावे. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर आतड्याचे वेढे एकमेकांस चिकटतात, आणि त्यामुळे अडथळा वर्षांनंतरही येऊ शकतो. म्हणून दहा वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या माणसाच्या बाबतीतही हीच लक्षणे तितक्याच गांभीर्याने घ्यावीत. घरातील लाजेपायी ‘वारा धरला असेल’ एवढ्यावर रात्र काढणे जिवावर बेतते.

आता विषयाच्या सर्वांत नाजूक भागाकडे वळतो. काही शस्त्रक्रियांत आतड्याचे तोंड पोटावर काढून तेथे पिशवी लावावी लागते. त्यास स्टोमा म्हणतात. ग्रीक भाषेत त्या शब्दाचा अर्थच तोंड असा आहे. काहींची पिशवी काही महिन्यांची असते, काहींची कायमची. गुदद्वारास जो वळेदार स्नायू असतो, तो या तोंडास नसतो. त्यामुळे वायू केव्हा बाहेर पडेल यावर त्या मनुष्याची सत्ता चालत नाही, आवाजही होतो. तो त्याचा असभ्यपणा नव्हे. पिशवी वायूने फुगते, ती शौचकूपात जाऊन मोकळी करावी लागते. कोळशाची गाळणी असलेल्या पिशव्या मिळतात. त्यांतून वायू जातो आणि वास अडतो. पिशवीस टाचणीने भोक पाडू नये. आवाजाची चाहूल लागताच वस्त्रावरून तळहात दाबून धरला तर तो बराच दबतो. लहान आतड्याचा स्टोमा असल्यास खाल्ल्यापासून साधारण दोन तासांनी वायू येतो, मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाचा असल्यास सहा ते आठ तासांनी. हा हिशेब एकदा ध्यानी आला की, समारंभाच्या आधी काय व केव्हा खावे हे ज्याचे त्याला ठरविता येते. मात्र समारंभासाठी उपाशी राहू नये. उपवासाने वायू थांबत नाही. लहान आतड्याचा स्टोमा असणाऱ्यांनी ओले खोबरे, मका, शेंगदाणे हे पदार्थ विशेष जपून, बारीक चावून खावेत, कारण त्यांनी तोंड तुंबण्याचा संभव असतो. या रुग्णांना मार्गदर्शन करणारी ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था मुंबईत आहे.

ज्यांचे आतडे गुदद्वाराच्या अगदी जवळ जोडलेले असते, त्यांचीही अडचण अशीच आहे. त्यांस वायू रोखून धरता येत नाही, आणि आलेला वेग वायूचा की शौचाचा हे कधी कधी ओळखताही येत नाही. या त्रासाचे मोजमाप करण्यासाठी डेन्मार्कमधील तज्ज्ञांनी २०१२ साली पाच प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिचा पहिलाच प्रश्न वायूवर ताबा राहतो काय, हा आहे. ज्या गोष्टीने माणसाचे घराबाहेर पडणे बंद होते, तिला शास्त्राने पहिले स्थान दिले, हे योग्यच झाले. ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम, आहारातील बदल व औषधे यांनी यातील पुष्कळांना आराम पडतो; पण त्यासाठी आधी तोंड उघडून सांगावे लागते.

आणि येथे, बंधुभगिनींनो, प्रश्न रुग्णालयाचा राहत नाही. तो आपल्या ज्ञातीचा होतो. शस्त्रक्रिया होऊन, औषधोपचार होऊन, बरी झालेली माणसे आपल्या लग्नकार्यांतून, हळदीकुंकवातून, या संमेलनातूनही नाहीशी होतात. निमंत्रण गेले की प्रकृतीचे निमित्त सांगतात. त्यांची प्रकृती बरी असते; त्यांस भीती असते ती पंक्तीतल्या त्या एका आवाजाची, आणि त्यानंतरच्या हास्याची. काही घरांत तर पोटावर पिशवी असलेल्या वडीलधाऱ्या बाईस देवघरात जाऊ देत नाहीत, सोवळ्याचा प्रश्न काढतात. ज्या पोटात आपणा सर्वांचे आतडे असते, त्याच पोटावर तिचे आतडे आहे. अंतर असलेच तर चार बोटांचे. एवढ्या अंतरासाठी जन्मभर देवपूजा केलेल्या बाईस देवापासून दूर ठेवणे आम्हांस धर्म वाटत नाही.

म्हणून मंडळापुढे व प्रत्येक कुटुंबापुढे आम्ही तीन नम्र सूचना ठेवतो. पहिली, आग्रहाची. आपल्या पंक्तीतील आग्रह प्रसिद्ध आहे. परंतु कोणी पानावर आडवा हात धरला तर त्याचे कारण विचारू नये, आणि वाढू नये. यजमानाचा मान पाहुण्याच्या आतड्याहून मोठा नाही. दुसरी, सोयीची. संमेलनाच्या वा कार्याच्या जागी शौचालय जवळ, स्वच्छ, पाण्याची व आतून कडी लावण्याची सोय असलेले असावे. जवळच्या खुर्च्या व पंक्तीच्या कडेच्या जागा अशा मंडळींसाठी न सांगता राखून ठेवाव्यात. सभागृह ठरविताना मांडवाची आरास पाहतो, त्याआधी ही गोष्ट पाहावी. तिसरी, मुलांची. आवाज झाला की हसू नये, एवढेच मुलांना सांगून भागत नाही. तो का होतो हेही सांगावे. ज्या मुलास कारण समजते, ते हसत नाही. ते उठून आजोबांना पाणी आणून देते.

ज्या घरात वारा सरल्याची बातमी नातू झाल्याच्या बातमीसारखी मोकळेपणाने सांगितली जाते, त्या घरातील रुग्णास आपले दुखणे लपवीत बसावे लागत नाही, आणि धोक्याची वेळ आली तर तीही लपून राहत नाही. पुढील वर्षीच्या संमेलनात, आज न आलेली काही मंडळी आपल्या शेजारच्या खुर्चीवर दिसोत, एवढीच इच्छा आहे.